अपर्णाच्या खांद्याला जड झालेला चप्पू

मी चप्पू बोलतोय. पुस्तकात मला वल्हं म्हणत असतील, पण बूढापाऱ्याच्या तलावावर ते कोणी म्हणत नाही. मी कयाकचा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या नावेचा आहे, म्हणून मला दोन्ही टोकांना पाती आहेत. पाती पिवळी, दांडा ॲल्युमिनियमचा. वजन सव्वा किलो. हे वजन मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते कोलकात्याचं एक दुकान. तिथे लहानूजी आले. ते रेल्वेत आहेत, ड्यूटीवर तिकडे गेले होते. त्यांच्या मुलाने, प्रफुल्लने, तेव्हा नुकतंच कयाक चालवायला सुरुवात केली होती. लहानूजींनी मला हातात घेतलं, जमिनीवर ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत आहे." पोरासाठी त्यांनी मला निवडलं, याचा मला फार अभिमान होता.

गुढियारीच्या त्यांच्या घरात मी दाराच्या वर, दोन खिळ्यांवर राहायचो. प्रफुल्लने मला तीन वर्षं वापरलं. मग त्याला बिलासपूरला नोकरी लागली आणि त्याने कयाक सोडलं. नोकरीमुळे सोडलं, असं सगळे म्हणायचे. मीही तेच समजत होतो.

त्या घरात एक रीत आहे. मोठ्याची वस्तू लहान्याला जाते. प्रफुल्लचं स्वेटर त्याच्या बहिणीला, अपर्णाला मिळालं. बाह्या दोनदा दुमडल्या की झालं. त्याचे बूट मिळाले, पुढे कापूस भरला. म्हणून अपर्णाने तलावावर जायचं म्हटल्यावर तिच्या आईने, कलावतीबाईंनी, मलाच खाली काढलं.

"मोठा आहे ना तिले," लहानूजी म्हणाले.

"वाढत्या अंगाची पोट्टी आहे. येईल मापात."

पण माझ्या बाह्या कोण दुमडणार? माझा मधला सांधाही कधीचा अडकून बसला होता, त्यामुळे माझे दोन तुकडे होत नव्हते. लहानूजी मला स्कूटरवर आडवा धरून न्यायचे. गोल बाजारातून जाताना माझं पातं दुकानात टांगलेल्या गंज-पातेल्यांना लागायचं आणि भांडीवाला ओरडायचा, "भैया, झंडा लेके कहाँ जा रहे हो?" अपर्णा लाजून मान खाली घालायची.

ती बोलायची कमी. पण सराव झाला की आधी मला पुसायची, मग स्वतःचं तोंड. मुठीत मला इतकं घट्ट धरायची की तिची बोटं पांढरी पडायची. ते प्रेम आहे, असं मला वाटायचं.

मग तो काळा आला.

तलावावरच्या आमच्या क्लबसाठी नवा चप्पू आला, एकच. कार्बनचा, बुटका, बारीक दांड्याचा, माझ्यापेक्षा निम्म्या आकाराच्या पात्यांचा. मुलांना शिकवणाऱ्या नीलकंठ सरांनी तो एका बोटावर तोलून दाखवला. सगळी मुलं हसली. मी भिंतीला टेकून उभा होतो. एवढासा जीव, पाण्याला ढकलणार काय, असं मी मनात म्हटलं.

"अपर्णा, इकडे ये," सर म्हणाले. "याच्या शेजारी उभी राह. हात वर कर."

तिने हात वर केला. तिची बोटं काळ्याच्या टोकावरून सहज वळली.

"आता तुझ्यावाला घे."

माझ्या शेजारी ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी बोटं माझ्या टोकापर्यंत पोचली नाहीत.

"पाहिलं? हा तर घूमनेवालों का चप्पू है. चौड्या नावेत बसून फिरणाऱ्यांचा. तुझी नाव अरुंद, तुझा हात छोटा, दांडा मुठीत मावून नाही राहिला म्हणून आवळून धरते. रोज हजार वेळा उचलते तू याले. अर्धा किलो जास्त. किती झालं?"

"पाचशे किलो," ती हळूच म्हणाली.

"पाच क्विंटल धान उचलते रोज, फालतूचं. रविवारी निवड आहे. तिघीच स्पर्धेसाठी भोपाळला जातील. तू सुरुवातीला पहिली असते आणि शेवटच्या शंभर मीटरले बसते. काहून?"

अपर्णाने माझ्याकडे पाहिलं. "दादाचा आहे, सर," ती म्हणाली आणि मला उचलून निघाली.

खरं सांगतो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. काळ्यासमोरून जाताना मी मुद्दाम चमकलो असेन.

शनिवारी दुपारी प्रफुल्ल घरी आला. अपर्णा दारात वेणी घालत बसली होती. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. अर्धा उचलायची, पुन्हा खाली सोडायची. शेवटी कंगवा आईकडे देऊन म्हणाली, "घालून दे. रविवारनंतर मी सोडून राहिली हे. माझ्यात दमच नाही."

प्रफुल्ल चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"खांदा दुखते?"

"हव."

"मागून, पाठीवरच्या पंख्याच्या हाडाखाली?"

तिने मान वर केली. "तुले कसं माहीत?"

"मले बी तिथंच दुखे. काहून सोडलं मी, तुले काय वाटते?" मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "या बांबूपायी. बाबांनी एवढ्या दुरून आणला, त्यांना कसं सांगू? नोकरी लागली, बरं झालं."

कलावतीबाईंचा हात वेणीतच थांबला. लहानूजी आतून आले होते, ते उंबऱ्यापाशी उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "दुकानात एकच होता रे."

निवडलेला नव्हतो मी. उरलेला होतो.

रविवारी घरच्यांनी मला तलावावर नेलं खरं, पण अपर्णा सरांकडे गेली आणि काळा मागून घेतला. मी काठावर गवतात पडलो होतो. लपवून काय उपयोग, ती हरावी अशी माझी इच्छा होती. फार नाही, थोडीशी. तिने मागे वळून माझ्याकडे पाहावं, एवढीच.

सुरुवातीला ती चौथी होती. मला बरं वाटलं. मग मला तिचे खांदे दिसले. माझ्याबरोबर असताना ते कानांपर्यंत चढायचे. आज ते खाली, सैल होते. बोटं उघडत होती, मिटत होती. शेवटच्या शंभर मीटरला ती बसली नाही. ती तिसरी आली.

काठाला लागल्याबरोबर तिने प्रफुल्लला हाक मारली. "दादा, हात दुखूनच नाही राहिले!"

माझ्याबरोबर दोन वर्षं ती काठाला लागली, पण तेव्हा तिला बोलण्याइतका श्वास कधी उरला नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं. आणि तरी तिने टॉवेलने आधी काळ्याला पुसलं, तेव्हा माझा जळफळाट झालाच.

घरच्यांनी मला क्लबला देऊन टाकलं. आता मी क्लबच्या खोलीत असतो. नवी मुलं येतात आणि सगळ्यांत लांब म्हणून मलाच उचलतात. मुलांनो, एक ऐका. आधी माझ्या शेजारी उभे राहा, हात वर करा. बोटं माझ्या टोकावरून वळली, दांडा मुठीत मावला आणि नाव रुंद असली, तरच मला न्या. नाहीतर मी कोणाचाही असलो, कितीही दुरून आलेलो असलो, तरी मला भिंतीलाच राहू द्या. दमलात म्हणजे तुमच्यात दम नाही, असं लगेच समजू नका.

परवा अपर्णा भोपाळला गेली. काळा तिच्याबरोबर गेला. परत आला की त्याला माझ्याच शेजारच्या खुंटीवर टांगतील. मी त्याच्याशी बोलणार नाही, असं ठरवलं होतं. पण एक विचारणार आहे. शेवटच्या शंभर मीटरला ती कशी दिसते? तिथपर्यंत पोचल्यावर माझ्याबरोबर तिने कधी मान वर केलीच नाही.