तीनपर्यंतचे आकडे

बँडमध्ये त्याला सगळे ठोक्या म्हणत. अकरा वर्षं तो ड्रम वाजवत होता, तेही दुसऱ्यांच्या गाण्यांवर. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायच्या आणि सुटी मिळाली की बडवायचं, असा त्याचा संसार होता. दुसरा संसार थाटायचा राहूनच गेला होता.

आता बँडचं स्वतःचं पहिलं गाणं येणार होतं. एकच गाणं, पण रुबाब असा, की जणू अख्खं गाव दारात उभं राहणार आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर गायकाने सांगितलं होतं, की काही ठिकाणी ठोके हलतायत, तिथे मशीनचे घालू. ठोक्याने त्यातला 'काही' हा शब्द घट्ट धरून ठेवला. आपलं वाजवणं गाण्यात थोडं तरी असावं, एवढंच त्याला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी दहाला गाणं ऑनलाइन आलं. काच तशीच घासायच्या मशीनवर ठेवून त्याने इअरफोन कानात घातला. पहिल्यांदा ऐकू आला त्याचाच आवाज: एक, दोन, तीन. चार तो कधीच म्हणत नसे, नुसता श्वास आत ओढायचा. त्या श्वासावर सगळ्यांनी सुटायचं, ही बँडची जुनी सवय होती. पुढे सगळे ठोके मशीनचे होते. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता. त्याने तीनदा ऐकलं, स्वतःचा एक ठोका सापडतो का म्हणून. सापडला नाही. फार वाईट वाटलं. मग पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून तो आकड्यांवरच समाधान मानू लागला.

दुपारी ताईचा फोन आला. ही ताई लहानपणी त्याचा सराव सुरू झाला की दार लावून घ्यायची. आता लांबच्या शहरात नांदत होती.

"सुरुवातीला तूच ना रे? मी लगेच ओळखलं. संध्याकाळी घरात सगळ्यांना ऐकवते."

ती कितीतरी वेळ बोलत होती आणि तो नुसता हं हं करत होता. ठोके आपले नाहीत, हे सांगायला जीभ रेटेना.

चारच्या सुमाराला गायकाचा फोन आला. माफी मागायलाच आला होता, पण भलत्याच गोष्टीची. गिटारच्या माइकमध्ये ठोक्याचा आकडे म्हणतानाचा आवाज शिरला होता, तो कापायचा राहून गेला. लोकांना वाटेल, कच्चंच गाणं सोडलं. दुरुस्त केलेलं थोड्या वेळात चढवतोय, म्हणाला.

"उद्या चढव ना," ठोक्या म्हणाला. "आज ताई घरी ऐकवणार आहे."

गायक म्हणाला, बघतो. अकरा वर्षांत त्याचं 'बघतो' कसं असतं, ते ठोक्याला पाठ झालं होतं.

घरी येऊन त्याने बूटही काढले नव्हते, तोच ताईचा फोन वाजला. मागे पोरांचा गलका चालला होता.

"अरे, सगळे बसलेत, आणि तुझा आवाजच येत नाहीये. एकदम गिटारच सुरू होतेय. माझंच काहीतरी चुकतंय का?"

"नाही गं. फोनमध्ये होतं असं कधी कधी."

"मग आता काय करू? मी सांगून बसलेय सगळ्यांना."

ठोक्या पलंगाच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "फोन स्पीकरवर टाक, गाणं दुसऱ्या फोनवर तयार ठेव आणि पोरांना गप्प कर. मी तीन म्हटल्यावर श्वास घेईन. तेव्हा गाण्याचं बटण दाब."

पलीकडे शांत झालं. त्याने आकडे म्हटले, नेहमीच्याच लयीत, आणि श्वास आत ओढला.

ताईने बरोबर वेळेवर बटण दाबलं. पोरांनी टाळ्या पिटल्या, मग नाच सुरू झाला, आणि फोन चालू आहे हे सगळेच विसरले. मशीनचे ठोके इतक्या लांबून जवळजवळ त्याचेच वाटत होते. गाणं संपेपर्यंत तो फोन कानाला लावून बसून राहिला.