दोनशे एकतीस माणसांचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. माझं कातडं मधोमध फाटलं आहे. पण ते कसं फाटलं हे ऐकलंत, तर तुमचेही हात शिवशिवतील!

हैतीतल्या बेल-रोश या डोंगरी गावात आंब्याच्या खोडातून मला कोरलं आणि वर बोकडाचं कातडं ताणून बसवलं. माझं काम एकच. कुणाच्या शेतात खणणी असली की गावाला हाक मारायची. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे, या रीतीला इथे कोंबिट म्हणतात. उन्हात कातडं तापलं की माझा आवाज तीन टेकड्या ओलांडतो. ओरेलियुसकाकाने मला तीस वर्षं वाजवलं. त्या हाकेला कुणी घरी बसत नसे. आज न येणाऱ्याच्या शेतात उद्या कोण जाईल?

अध्यक्षाच्या निवडणुकीतही काकाने मला वाजवलं. यादीत दोनशे चाळीस नावं होती. मतं पडली दोनशे एकतीस!

पण निकालावरून राजधानीत दंगल उसळली. तेव्हा मित्रदेशांनी तपासणीसाठी समिती पाठवली. तिने नियम केला, की जिथे शंभरात नव्वदांहून जास्त लोकांनी मत दिलं, तिथे लबाडी झाली असं धरायचं आणि ती सगळी मतं बाद करायची. म्हणजे आमची मतं बाद!

समितीची तरुण तपासनीस इंग्रिड जीपने गावात आली.

"बाई, देशात शंभरातले तेवीस आले. तुमच्याकडेच एवढे कसे?" तिने मतदान केंद्राच्या प्रमुख सिलियानमावशीला विचारलं.

मावशीने कमरेवर हात ठेवले. "मग काय, शेळ्यांनी मतं दिली?"

"पण मी समितीला पुरावा काय देऊ?"

"बस इथं दगडावर आणि मोज. ओरेलियुस, हाण!"

आणि काकाने हाणलं! पहिल्या टेकडीवर एक टोपी दिसली. मग दहा. मग पायवाटाच हलू लागल्या! बायका, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या आया, सगळ्यांच्या खांद्यावर कुदळी. मतदारयादी हातात धरून इंग्रिड एकेका नावापुढे खूण करत होती. शंभर. एकशे ऐंशी. दोनशे दहा! काकाचे तळवे लाल झाले, माझं खोड थरथरत होतं.

"दोनशे पंचवीस!" इंग्रिड ओरडली.

"आणि मी? हा ढोल काय वाऱ्याने वाजतोय?" काका खेकसला.

"दोनशे सव्वीस!"

बाकीच्या पाचांपैकी तिघे कामाला सीमेपलीकडे गेले होते, एक बाळंतीण होती आणि एक आजोबा मतदानानंतर वारले होते. मावशीने प्रत्येकाचं नाव सांगितलं. काकाने आनंदाने शेवटची थाप मारली आणि फट्! माझं कातडं फाटलं.

इंग्रिडने लगेच राजधानीला फोन लावला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. समितीने आदल्या दिवशीच अहवाल जाहीर केला होता. मतदानाच्या दुसऱ्या फेरीत कोणते दोन उमेदवार लढणार, तेही त्यात ठरलं होतं.

"मग पोरी, तुला इथं कशाला धाडलं?" मावशीने विचारलं.

 इंग्रिडने खुणा केलेली यादी सही करून मावशीच्या हातात दिली. काका म्हणाला, "कुदळी आणल्याच आहेत, चला बाळंतिणीचं शेत खणून टाकू." इंग्रिडही कुदळ घेऊन गेली. अंगठ्याएवढे फोड आले तिच्या हातांना!

ती यादी आजही शाळेच्या भिंतीवर आहे. तिच्याच खाली, खुंटीला, मी आहे. माझ्या पोटात कोळ्यांनी जाळी विणली आहेत.

मित्रांनो, मित्राच्या घरी न्याय करायला गेलात, तर आधी त्याची माणसं मोजा आणि मग निकाल सांगा. पुढच्या महिन्यात इथे पुन्हा मतदान आहे. कुणीतरी मला खाली काढा, नवं कातडं बसवा आणि उन्हात ठेवा. या वेळी मला चौथ्या टेकडीपर्यंत पोहोचायचं आहे!