बांधाकडच्या दोन ओळी

त्या दिवशी शेतात सूर्यफुलाच्या चोवीस ओळी होत्या, पाठीवर घ्यायचा एक पंप होता, बोरॉनच्या भुकटीची एक पिशवी होती आणि सकाळपासून एकमेकांशी न बोलणारे काका-काकू होते.

भांडण जुनंच. दोन वर्षं फुलं ताटाएवढी येत होती, पण मधोमध नुसती फोलपटं. काकूच्या तेलघाण्याला चावायला काही उरत नव्हतं. काकांनी जाहीर करून टाकलं होतं, यंदा शंभर दाण्यांत वीसच्या वर पोकळ निघाले तर घाणा भंगारवाल्याला आणि रान मक्याला. घाणा काकूने एकटीने उभा केलेला. तो बंद असला की तिला दुपारची झोप लागायची नाही.

मातीत बोरॉन कमी पडलं की दाणा भरत नाही, हे शेतकी कॉलेजात शिकलेलं मी तिला सांगितलं होतं. पाकळ्या उघडू लागल्या की एक फवारा द्यायचा, तोही संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. काकांचं म्हणणं, झाडाचं तोंड मुळाशी असतं. पानांना पाजणं म्हणजे आजाऱ्याच्या टोपीला औषध लावणं.

शेवटी वाटणी झाली. विहिरीकडच्या बारा ओळी काकूच्या. बांधाकडच्या बारा काकांच्या, त्यांना थेंबही लागणार नव्हता. तुलनेसाठी मलाही तेच हवं होतं. काकूने भुकटी कोमट पाण्यात विरघळवली, पदर खोचला आणि दिवस कलताना आपल्या ओळी भिजवून काढल्या. काका बांधावर बसून फुलांना ताप किती आहे याची चौकशी करत राहिले.

दोन दिवसांनी काकू शेतातून आली ती गालात हसतच. काका अंगणात दाढी करत होते.

"अहो, तुमच्या ओळींवर पांढरे ठिपके दिसतायत."

"दव असेल."

"दव वाळल्यावर पांढरं राहतं होय? तुमच्या टोपीवर पण पडलंय वाटतं ते."

काकांनी आरसा खाली ठेवला. "मग काय करू? तुझी फुलं भरणार आणि माझी टकामका बघणार? माझ्या ओळी काय सावत्र आहेत?"

"सगळ्या फवारल्या?"

"उरलेली भुकटी पुरली तेवढ्या. बांधाला लागून दोन राहिल्या."

तुलना गेली, म्हणून मी कपाळाला हात लावला. काकू मात्र खूश. "राहिल्यात ना दोन? त्यांना आता हात लावायचा नाही. आणि राखण तुम्हीच करायची."

काकांनी राखण केली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या की चोरसुद्धा प्रामाणिक होतो, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली.

कापणी झाली, फुलं वाळली, झोडपणी उरकली. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. एका ताटात फवारलेल्या ओळींतले शंभर दाणे, दुसऱ्यात बांधाकडच्या दोन ओळींतले शंभर. काकू दातांनी फोडायची, काका नखांनी, आणि अर्धवट भरलेल्या दाण्याला पोकळ म्हणायचं का, यावर दर वेळी वाद. कोपऱ्यातल्या घाण्याकडे कुणीच बघत नव्हतं.

फवारलेल्यांत पोकळ निघाले अकरा, वीसच्या बऱ्याच आत. बांधाकडच्यांत त्रेचाळीस.