मळ्यातली धाव

सावित्रीने गुडघा टेकून कुत्र्याच्या मानेला डावा हात घातला आणि उजव्या हाताने लुगड्याचा पदर त्याच्या डोळ्यांवर धरला. पाणंदीतून गुरं परतत होती. पुढे शेजारच्या विश्रामाचे बैल, मागे दोन म्हशी आणि सगळ्यांत शेवटी यशोदाकाकीची तांबू, पोटाने जड झालेली, सावकाश. पदराखाली कुत्र्याचं अंग ताणलेल्या दोरीसारखं थरथरत होतं. गळ्यातल्या घंटा लांब गेल्या तसं ते हळूहळू सैल झालं.

"हेका काय नवरो करतंस गो?" तांबूच्या मागून येणारी यशोदाकाकी थांबून म्हणाली. "अंतरपाट धरल्यासारखो पदर धरलंस तो."

"डोळे झाकले की गप ऱ्हवता, काकी. तेचो सगळो जीव डोळ्यांत."

"आणि तुजो पदर सुटलो मगे?"

"सुटूचो नाय."

"सुटूक नकोच. माजी तांबू गाभण आसा. तिका काय झाला तर माजी चूल पेटूची नाय, बाये."

"माजी जबाबदारी," सावित्री म्हणाली.

यशोदाकाकीने मान हलवली आणि गाईच्या मागे गेली. नवरा गेल्यापासून तिचं सगळं त्या एका गाईवर चाललं होतं. दूध एस. टी. थांब्यावरच्या हॉटेलात जाई, आणि गोठ्यातलं शेण विश्रामाच्या शेतात जाऊन त्याबदली भात येई. तांबू आटली होती; आता पौषात व्याली की पुन्हा सगळं सुरू व्हायचं होतं.

कुत्रा शिमग्यात आला होता. सावित्रीचा भाऊ गुरुदास सावंतवाडीला जंगलखात्यात रखवालदार होता. घाटावरून बदलून आलेल्या कुणा साहेबाची कारवानी कुत्री, शिकारीची, नाकाने नव्हे तर नजरेने सावज धरणारी. तिला गावातल्याच कुठल्याशा मोकाट कुत्र्यापासून पिल्लं झाली. साहेबाला ती नको होती. त्यातलं एक गुरुदासने पिशवीत घालून बहिणीकडे आणलं. कोल्हे तिच्या कोंबड्या नेत होते, म्हणून.

पिल्लाचे पाय लांब, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं. सावित्रीचा नवरा भाई पडवीत उभा राहून बघत राहिला.

"ह्यो कुत्रो काय वाळत घातलेलो बांगडो?" तो म्हणाला.

पण ठेवून घेतला. वर एवढंच सांगितलं, की एकदा जरी गुरांच्या मागे लागला तरी त्याच दिवशी सुंभाने बांधून गुरुदासाकडे परत. भाई गावातला मानाचा माणूस. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. त्याच्या दारातल्या कुत्र्याने दुसऱ्याच्या जनावराला उपद्रव दिला, असं कुणी बोललेलं त्याला चाललं नसतं.

सावित्रीने पिल्लाचं नाव हरण्या ठेवलं, बैलाला शोभेल असं. गोठ्यातल्या मेढीला त्याला बांधून ठेवलं, म्हणजे गुरांचा वास त्याच्या अंगाला लागावा. गुरांना वैरण पडल्याशिवाय त्याला पेज नाही. म्हशीचं रेडकू उड्या मारू लागलं की याचे कान उभे राहत. ते उभे राहिले की सावित्री हातातलं काम टाकून धावे आणि त्याचे डोळे झाकी. सगळा पावसाळा हेच. दसऱ्यापर्यंत रेडकू त्याच्या पाठीवर तोंड ठेवून झोपू लागलं. बावीवर पाण्याला आलेल्या बायका मुद्दाम वाकडी वाट करून ते बघून जात.

"वयनी, माज्या पोराक धाडू काय चार दिवस?" विश्राम म्हणाला. "तोय जा दिसात तेच्या मागसून धावता."

सावित्री हसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं कौतुक व्हावं असं काही झालं नव्हतं. भात शिजतो, घर सारवलं जातं, त्याला कोण काय म्हणणार? आता माणसं तिला विचारायला येत होती.

कापण्या झाल्या आणि मळा मोकळा पडला. आता गुरं राखायला माणूस लागत नव्हतं. ती दिवसभर आपापली चरत आणि सांजेला घरी येत. दुपारी पेज पिऊन सगळी वाडी आडवी झाली की सावित्री हरण्याला घेऊन व्हाळाच्या कडेने खालच्या टोकाला जाऊ लागली. तिथे गुरं नसत. ती गळ्यातलं सुंभ सोडी.

असं धावणं तिने कधी पाहिलं नव्हतं. तो पायांनी जमीन नुसती शिवून पुढे जाई. मधेच चारही पाय पोटाखाली एकत्र येत आणि पुन्हा लांब होत. मळ्याच्या त्या टोकाला पोचून वळला की वाऱ्याने कान मागे चिकटलेले दिसत. सावित्री मेरेवर, शेताच्या बांधावर बसून बघे. हे शिकवणीत बसत नाही हे तिला कळत होतं. ज्याला इतके महिने धावायचं नाही म्हणून शिकवलं, त्याला रोज आपणच सोडतो आहोत. पण तिने आपल्या हाताने इतकं सुंदर काही कधी सोडलं नव्हतं. घरी गेल्यावर ती कुणाला सांगत नसे.

त्या दुपारी तांबू त्या टोकाला होती. मेरेच्या पलीकडे सावलीला बसलेली, म्हणून दिसली नाही. हरण्याला सोडल्यावर ती उठली, दोन पावलं चालली आणि कुत्रा अंगावर येतोय असं वाटून शेपटी वर करून पळाली. ती पळाली नसती तर काहीच झालं नसतं. हरण्याने तिला पळताना पाहिलं.

सावित्रीने हाक मारली. पुन्हा मारली. पदर तिच्या खांद्यावर होता आणि कुत्रा अर्ध्या मळ्यापलीकडे. तांबू एक मेर चढली, दुसरी चढताना पुढच्या गुडघ्यांवर पडली, उठली, पुन्हा पळाली आणि व्हाळाच्या चिखलात जाऊन थांबली. तिच्या तोंडाला फेस आला होता. हरण्याने तिला दात लावला नाही. तो जीभ बाहेर काढून उभा राहिला आणि सावित्री धापा टाकत पोचली तेव्हा शेपटी हलवत तिच्याकडे पाहू लागला, काहीतरी चांगलं केल्यासारखा.

तिने गाईला गोंजारलं. पोटावर हात ठेवून बघितलं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. मग तिने पदर व्हाळात भिजवला आणि तांबूच्या गुडघ्यांना लागलेली माती पुसून काढली. एकदा पुसून झालं तरी पुन्हा पुसली.

दोन दिवसांनी सकाळी यशोदाकाकीच्या गोठ्यातून हाक आली. तांबूने गाभ टाकला होता. वासरू पुरं वाढलेलं नव्हतं, पण त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा दिसत होता. भाईने आणि विश्रामाने ते माडाखाली नेऊन पुरलं. सावित्रीने गाईसाठी सुंठ-गूळ घालून पेज केली आणि टोपात घालून नेली. यशोदाकाकी गाईच्या डोक्याशी बसली होती. तिने टोप घेतला.

"बरा केलंस," ती म्हणाली. "तुजा लक्ष असता."

सावित्रीच्या तोंडाशी शब्द आले होते. तेवढ्यात भाई हातपाय धुऊन दाराशी आला आणि ते शब्द तिथेच राहिले.

त्यानंतर ती रोज सकाळी आपल्या म्हशीचं दूध काकीकडे नेऊ लागली. काकी त्यातलं अर्धं ओतून घेई आणि "पुरे" म्हणून तांब्या परत देई. एकदा तांब्या देताना म्हणाली, "हल्ली कुत्र्याक सोडणंस नाय तो?"

"नाय. पाय दुखावलो हा तेचो."

"असां."

सावित्री घरी आली ती मागच्या दाराने. हरण्या मेढीपाशी उभा होता, चारही पायांवर, धडधाकट. तिने त्याच्याकडे न बघता त्याच्यापुढे पेज ठेवली.

वाडीत बोलणं सुरू झालं होतं. मळ्याच्या कडेला सातवणीच्या झाडाखाली राखणदाराचं, मळा राखणाऱ्या देवाचं स्थळ. कापणी झाली की प्रत्येक घराने तिथे नारळ-विडी ठेवून राखण द्यायची, म्हणजे तो वर्षभर गुरं-माणसं सांभाळतो. यशोदाकाकीने यंदा दिली नव्हती; गाय व्याली की एकदमच देऊ, असं तिने ठरवलं होतं. देवाला थांबवून ठेवलं, मग दुसरं काय होणार, असं बायका बावीवर म्हणू लागल्या. सावित्री घागर भरेपर्यंत ऐकत राही आणि घागर उचलून निघून येई.

एका संध्याकाळी यशोदाकाकी पडवीत आली.

"लोक म्हणतत राखण चुकली," ती भाईला म्हणाली. "तर उद्या देवन टाकतंय. गाऱ्हाणा तू घाल."

"घालतंय. तेतूर काय."

काकीने आत, चुलीपाशी बसलेल्या सावित्रीकडे पाहिलं. "तूय ये गो."

"माका काम आसा, काकी."

"काम ऱ्हवता. ये."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर वाडीतली दहा-बारा माणसं सातवणीखाली जमली. पुरुष पुढे, बायका मागे. काकीने दगडापुढे पान मांडलं, नारळ ठेवला, विड्या ठेवल्या. भाईने चपला लांब काढल्या, हात जोडले आणि मग वळून विचारलं,

"चुकला कोणाचा म्हणान सांगू?"

पान वाऱ्याने हलत होतं त्यावर यशोदाकाकीने खडा ठेवला.

"जेचा चुकला तेचा," ती म्हणाली.

"असा नाय चलत गो, काकी. नाव घेवक व्हया. देवाक कळाक नको?"

"देवाक कळता."

"देवाक कळता तर नारळ कित्याक फोडतंस?" मागून विश्राम म्हणाला आणि दोन-तीन माणसं हसली.

काकी हसली नाही. ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली, हात पुढे एकात एक धरून. कुणाकडेच बघत नव्हती. भाई थांबला होता. व्हाळाचं पाणी ऐकू येत होतं. कुणाच्या तरी कडेवरचं मूल किरकिरलं आणि गप झालं. सावित्रीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तिच्या पायापाशी सातवणीचं एक पान पडलं होतं. ते तिने अंगठ्याने दाबलं, आणि तेवढंच केलं.

"तर मगे माजाच घे," यशोदाकाकी म्हणाली.

भाईने आवाज लावला. त्याचा आवाज चांगला होता, गावात त्याचं नाव होतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या मळ्याच्या, ह्या व्हाळाच्या राखणदारा. आज यशोदान तुज्या पायाशी श्रीफळ ठेवल्यान हा. तिच्या हातसून काय चुकला-माकला आसात, राखणेक उशीर झालो आसात, तर ता पोटात घाल. तिच्या गोठ्याक परत बरे दिस दाखय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सावित्रीही म्हणाली. तिचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळला होता, तरी तिला तो एकटा, वेगळा ऐकू आला.

नारळ फुटला. काकीने खोबऱ्याचे तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवत बायकांकडे आली. सावित्रीने हात पुढे केला. काकीने त्यावर एक तुकडा ठेवला, मग थांबून दुसरा ठेवला.

"ह्यो तुज्या हरण्याक," ती हळूच म्हणाली. "धावता बरो गो तो."

आणि पुढच्या बाईकडे वळली.

माणसं पांगली. भाई चपला घालून वाटेला लागला, सावित्री मागे. मेरेवरून एकामागून एक चालावं लागत होतं. खोबऱ्याचे दोन्ही तुकडे तिच्या मुठीत होते आणि मूठ घामेजली होती.

"जुनी माणसा," भाई चालता चालता म्हणाला. "नाव सांगूक इतको येळ? कोणाची वाट बघी होती ती?"

चार पावलं गेल्यावर मागून पायांचा आवाज येत नाही असं त्याच्या ध्यानात आलं. तो वळला. सावित्री मेरेच्या मधोमध उभी होती, खाली मान घालून.

"काय झाला गो?" त्याने विचारलं.

तिने मूठ उघडली; तळहातावर खोबऱ्याचे दोन तुकडे होते. तो परत आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि थांबला.