गठुडीचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे. घरातला नव्हे, कारखान्यातला. तुम्हाला नवल वाटेल, पण मी जन्मापासून नोकरीलाच आहे.

एका सुताराने मला घडवले. त्याच्या घरी नुकतेच बाळ आले होते. म्हणून की काय, माझ्या कडा तो घासत बसला तो बसलाच. कुसळ राहिले नाही ना, हे तो गाल टेकवून बघायचा. मग मला औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात आणले. तिथे बायका कामाला होत्या आणि त्यांच्या तान्ह्या मुलांसाठी खालच्या मजल्यावर पाळणाघर होते.

ते दिवस आठवले की अजून माझा जीव कासावीस होतो. सकाळी आया मुलांना सोडून जात आणि दुपारी पाजायला धावत येत. पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींचा एक हात सतत माझ्या दोरीवर असे. दात शिवशिवणारी किती पोरे माझी कड चावून गेली! पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना आधी आमची खोली दाखवत. माझे फोटो निघत. मीही जरा भाव खात असे.

पण मी सगळ्यांत जास्त जीव लावला तो गठुडीला. टॉवेलात गुंडाळून आणलेली, नुसते नाक बाहेर, म्हणून मावशींनीच हे नाव ठेवले. तिची आई भरलेली बाटली उजेडासमोर धरून आत कण दिसतो का ते तपासायची. तिची नजर इतकी बारीक, की सगळ्या तिला भिंग म्हणत.

मग साथ आली. रस्ते ओस पडले. औषधांचा कारखाना मात्र बंद ठेवून भागणार नव्हते. बायकांना कामावर यावेच लागे, पण पाळणाघराला कुलूप लागले. मावशींना घरी बसवले. मला गोदामात नेऊन माझ्यात रिकामी खोकी कोंबली. पलीकडेच साहेबांची खोली होती, मधे पातळ फळी. म्हणून पुढचे मला ऐकू आले.

भिंगचा नवरा ट्रक चालवायचा. तो दूर कुठेतरी अडकून पडला होता. थोडे दिवस शेजारणीने गठुडीला सांभाळले, मग शेजारीणच आजारी पडली. भिंग लेकीला कडेवर घेऊन कामावर येऊ लागली. पहारेकरी तिला फाटकावरच अडवी. रोज येई, रोज परत जाई. शेवटी साहेबांनी तिला आत बोलावले. साहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. मुलांना आत घेतले आणि आजार पसरला, तर जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले. कामावर न येणाऱ्याने नोकरी सोडली असेच धरावे लागेल, असेही म्हणाले.

"साहेब, मी नोकरी सोडलेली नाही," भिंग म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "मी रोज फाटकापर्यंत येते. माझं लेकरू ठेवायची जागा तुम्ही बंद केलीत."

"पाळणाघर ही कंपनीची मेहेरबानी होती, बाई."

मला फळीपलीकडे गठुडीचा हुंकार ऐकू आला.

"मेहेरबानी होती की हक्क, ते मी विचारून येते," असे म्हणून भिंग गेली.

त्यानंतर फार दिवस मी तिचा आवाज ऐकला नाही. खोकी न्यायला येणाऱ्या बायका दबक्या आवाजात बोलत. कामगार कार्यालयाचे दार बंद असते, फोन कोणी उचलत नाही, तरी ती जातेच आहे म्हणे. काही म्हणत, हिने उगीच वैर घेतले. काही जणी मात्र तिच्या बाजूने बोलायला तयार झाल्या. त्यांचीही तान्ही कुणाकुणाच्या घरी रडत होती. मी अंधारात वाट पाहत राहिलो. दोरी कुजली, कड्या गंजल्या. वाट पाहून माणसाचा डोळा तरी लागतो, मला तेही सुख नव्हते.

एक दिवस गोदामाचे दार उघडले. कामगार खात्याच्या अधिकारी बाई आत आल्या. मागे साहेब, त्यांच्या मागे मावशी आणि भिंग. पाळणाघर कुठे आहे, असे बाईंनी विचारले. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले. बाईंनी माझ्यातली खोकी स्वतः बाहेर काढली.

"साथ आहे, तर पाळणे लांब लांब ठेवा, खिडक्या उघडा," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण आयांना कामावर बोलवायचं आणि मुलांची सोय काढून घ्यायची, हे चालणार नाही. आणि जिला तुम्हीच फाटकावर अडवलं, तिने नोकरी सोडली असं कसं म्हणता?"

साहेबांनी पाळणाघर पुन्हा सुरू करायचे कबूल केले. तरी खोली उघडायला आणखी बराच काळ गेला. मग मला धुतले, कड्यांना तेल दिले, नवी दोरी बांधली. आता गठुडी येणार, एवढेच माझ्या मनात घोळत होते.

ती आली. आईचे बोट धरून, आपल्या पायांनी चालत आली. भिंगने तिला उचलून माझ्यात ठेवले. तिचे गुडघे कडेला अडले. ती हसली, धडपडत खाली उतरली आणि खिडकीकडे पळाली. भिंग माझ्यावर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली. मग घंटा झाली आणि ती कामाला गेली.

आता माझ्यात दुसरे बाळ निजते. गोड आहे, माझी तक्रार नाही. गठुडी कधीमधी धावत येते आणि माझी दोरी ओढून त्याला झोका देते. आपण इथेच निजत होतो, हे तिला ठाऊक नाही. सांगावेसे फार वाटते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी साहेब होतील, कुणी अधिकारी होतील. या म्हाताऱ्या पाळण्याचे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. एखाद्या आईला तिच्या हक्काचे द्यायचे असेल, तर तिचे बाळ माझ्यात मावते आहे तोवर द्या.