बाबांनी धरलेली तार

बारकीचे बाबा जाऊन तीन महिने झाले होते, पण कामावर ते नियमित येत होते.

बारकी म्हणजे नावापुरतीच बारकी. मागच्या खोलीच्या दारातून तिला वाकून आत शिरावं लागायचं. आत बाबांच्या टेबलाशी बसून ती घड्याळवाल्या काकांची कॉईल भरत होती. केसाहून बारीक तार आणि आठ हजार वेढे.

काकांनी आधीच बजावलं होतं, "दोन वाया घालवल्यास. ही जमली तर तुझ्या बाबांचं सगळं काम तुझं. नाही जमली तर दुसरा माणूस बघेन. बघूनच ठेवलाय."

बाबा तार चिमटीत धरायचे. ढिली पडली की वेढे एकमेकांवर चढतात, जास्त ओढली की तुटते. बारकीच्या चिमटीला हे गणित कळेना, म्हणून तिने तार फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, दोन तुकड्यांमधून घेतली होती. वरून स्प्रिंग, तिच्यावर नट. तारेला वजन म्हणून सात वायसर टांगले की ती हळूच सरकायची. सहावर नाही, सातावर.

तरी दोन्ही कॉईलींना तार मध्येच अडली आणि तुटली. नंतर वायसर टांगून पाहिले, तर सातच. फेल्ट मात्र कोणीतरी नुकताच सोडल्यासारखा उबदार.

"आई, या खोलीत कोणी येतं का गं?"

"कोण येणार?" आई बाहेरून म्हणाली. "आलंच तर पाय पुसून ये म्हणावं. फरशी आत्ताच पुसलीय."

तिसऱ्या कॉईलीला, पाच हजार एकशे बाराव्या वेढ्यावर, तार पुन्हा अडली. बारकी कॉईल फिरवायचं हँडल नेहमीसारखं रेटणार, तोच तिला आठवलं. हाताखालचं माणूस चुकलं की बाबा ओरडायचे नाहीत. मागून हात घालून नुसती तार धरायचे. समोरच्याने थांबायचं आणि आपली चूक आपणच शोधायची.

तिने हँडल सोडलं, भिंग लावलं. एक वेढा शेजाऱ्याच्या डोक्यावर चढून बसला होता.

"म्हणजे तोडत मीच होते," ती म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. जिवंतपणीही बोलले नसते.

अकरा वेढे उलटे सोडून तिने पुन्हा बसवले. तार मुकाट चालू लागली. पुढे ती आणखी तीनदा अडली, तिन्हीदा चूक सापडली. खोली गार पडत गेली. मानेमागे नाकातली बारीक शिट्टी ऐकू येत होती. भिंगातून बघताना बाबांचं नाक वाजायचंच.

आठ हजारावा वेढा बसला तेव्हा काका हजर होते. त्यांनी मीटर लावला.

"बरोबर! टोकाला चार बोटं तार सोड आणि दे कापून."

तार पुढे येईना. बारकीने नट सैल केला, मग काढला. स्प्रिंग उडून काकांच्या खिशात गेली. तिने वरचा फेल्ट उचलला. तार हवेत ताठ उभी होती, कशातच न अडकता.

काकांनी चष्मा पुसून परत घातला. "ही तुझी नवी पद्धत?"

"नाही, जुनीच आहे."

"जोर लावू?"

"हात लावू नका! मुळाशी तुटली तर सगळी गेली."

तिने वरचा थर भिंगाने दोनदा तपासला. एकही वेढा चढलेला नव्हता. आणि बाबा तर उगाच कधी तार धरत नसत. उलगडायला घ्यावी का? तिचा हात हँडलकडे गेला, आणि मागे आला.

"बाबा, यात चूक नाही. मी बघितलंय. सोडा."

शिट्टी कानाशी आली. तार तशीच.

"कॉईल बरोबर आहे," बारकीचा आवाज फाटला. "तुम्हालाच सोडवत नाहीये. सोडा हो आता. जाऊ द्या."

बऱ्याच वेळाने तार पुढे सरकली. मोजून चार बोटं.

तिने ती कापली. काका कॉईल घेऊन निघाले ते थेट रस्त्यावर जाऊन थांबले.

"पुढच्या आठवड्यात सहा आणतो," ते तिथूनच ओरडले. "पण तूच भर बरं का. एकटीने!"