पिशवीचा कान

प्रेमला गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चहासाठी दूध जास्त लागणार, म्हणून आमच्या दीपालीने डेअरीत आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी क्रेट आला. जिन्याजवळ गॅस मांडला. मी पार्किंगमधल्या मांडवात बायकोच्या फोटोसमोर बसलो. भन्ते आले आणि वंदना सुरू झाली.

प्रेमला दुधाच्या पिशवीचा कोपरा कधी कापून टाकायची नाही. नुसती चीर द्यायची आणि कोपरा पिशवीला लोंबता ठेवायची. त्याला ती कान म्हणायची. कान तोडायचा नाही, हे तिने सगळ्या इमारतीला शिकवलं होतं. पिशव्या धुऊन गच्चीवर वाळत घालायच्या, मग जिन्याखालच्या पोत्यात भरायच्या. कचरा वेचणाऱ्या चंद्रभागाबाई ते पोतं न्यायच्या आणि त्या प्लॅस्टिकचं पुढे दुसरं काही व्हायचं. पण तुटका कान पोत्यात येत नाही. एवढासा तुकडा कोण उचलतो? तो झाडूबरोबर गटारात जातो.

हे तिने माहेरहून आणलं. तिचं माहेर रत्नागिरीकडे, समुद्राला लागून. तिचा भाऊ समाधान तिथे कासवाची अंडी राखतो. कासवीण वाळूत अंडी घालून गेली की तो ती कुंपणात नेऊन ठेवतो आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतो. प्रेमला म्हणायची, "जिथे जन्मली तिथेच येते बाळंतपणाला. आमच्यासारखीच." एका वर्षी ती माहेरी असताना एक कासवीण मरून किनाऱ्याला लागली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत प्लॅस्टिकच्या चिंध्या. त्यात निळ्या रेघेचा एक तिकोनी तुकडा होता. पुण्याला आल्यावर हातातलं सामान खाली ठेवायच्या आधी ती मला म्हणाली, "अहो, दुधाच्या पिशवीचा कोपरा होता तो. मी रोज कापते ना, तसाच."

वरच्या मजल्यावरचे बापूराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते तिला म्हणाले, "वहिनी, आपलं गटार आंबिल ओढ्याला, ओढा मुठेला, मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. कृष्णा जाते बंगालच्या उपसागरात. तुमच्या रत्नागिरीचा काही संबंध नाही."

प्रेमला म्हणाली, "मग तिकडची कासवं काय कुणाच्या माहेरची नाहीत?"

त्यानंतर बापूराव भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या घरात आता पिशवीला कान आहेत. मलाच नाहीत."

वंदना संपून भन्ते बोलायला लागले, तेव्हा माझं लक्ष जिन्याकडे गेलं. रिकाम्या पिशव्यांचा ढीग पडला होता. एकीलाही कान नव्हता. कान खाली फरशीवर पडले होते. दूध सांडलं होतं म्हणून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं आणि ते सगळं वाहत गटाराच्या जाळीकडे निघालं.

मी उठलो. फोटोसमोरून नवराच उठला म्हणून लोक बघायला लागले. मी जाऊन जाळीवर उभा राहिलो आणि ओरडलो, "पाणी टाकू नका!"

दीपाली धावत आली. "बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"कान," मी म्हणालो.

तिच्या हातात कात्री होती. तिने कात्रीकडे बघितलं, मग ढिगाकडे. "बाबा, मीच कापल्या सगळ्या. डोक्यात काही नव्हतंच. नुसता हात चालला होता." आणि ती त्या ओल्या फरशीवरच बसली. हिंजवडीच्या कंपनीत एवढ्या लोकांना कामाला लावणारी माझी मुलगी लहान पोरीसारखी रडली. मला तिच्यावर रागावता येईना.

बापूराव आले. "अहो वाघमारे, भन्ते बोलतायत. काय चाललंय हे?" मग त्यांना खाली दिसलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "सरका बाजूला. तुम्हाला वाकता येत नाही आणि मिरवताय कशाला?"

गज घालून त्यांनी जाळी उचलली. काही कान फरशीवर सापडले, बाकीचे आत गाळात होते. गावाहून आलेला समाधान पालथा झोपला आणि त्याने हात आत घातला. तो गाळ उकरत नव्हता. वाळूत अंडी शोधताना घालतो तसा बोटांनी चाचपत होता. एकेक कान बाहेर येत होता. दीपाली तो धुऊन पिशवीला लावून बघायची. कात्री वाकडीतिकडी चालली होती, त्यामुळे कुठला कान कुठल्या पिशवीचा ते कळत होतं. मांडवातल्या बायका येऊन जोड्या लावायला लागल्या. भन्तेही बोलायचे थांबून येऊन उभे राहिले.

शेवटी एक पिशवी उरली. तिचा कान कुठेच मिळेना. समाधानने खांद्यापर्यंत हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"भावोजी, पुढे पाइप आहे," तो म्हणाला. "गेला."

त्याचा हात काळा झाला होता. तो तसाच धरून तो बसून राहिला. ताईच्या कार्याला आला होता आणि हे करावं लागलं.

बापूराव मला म्हणाले, "वाघमारे, मनाला लावून घेऊ नका. एकच गेलाय. आणि तो काही वहिनींच्या माहेरी जायचा नाही. ओढ्यातून मुठेला, तिथून भीमा, कृष्णा. बंगालच्या उपसागरात..."

ते तिथेच थांबले. यापुढचं वाक्य कुणाचं, ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी वाट बघत राहिलो, जसं काही ती स्वयंपाकघरातून बोलणारच होती.

मग मीच म्हणालो, "मग तिकडची कासवं काय कुणाच्या माहेरची नाहीत?"

मला ते तिच्यासारखं म्हणता आलं नाही. कुणी हसलं नाही. बापूराव खाली बसले आणि जाळी परत बसवायला लागले.